नाचाची नऊवारी : दादरची तयार, भाड्याची की मापाने शिवलेली?

निकाल आधीच सांगून टाकू. शाळेच्या गॅदरिंगचा एकच दिवस असेल तर भाड्याने आणा. कोळीनृत्य असेल तर दादरची तयार नऊवारी चालते, थोडी डागडुजी करून. आणि लावणी खरोखर नाचायची असेल, म्हणजे बैठक मारायची, गिरकी घ्यायची, तर मापाने शिवून घेण्याला पर्याय नाही. मग कापड जरा हलकं असलं तरी चालेल. नाचाच्या कपड्यात पैसा जरीत घालायचा नसतो, शिवणीत घालायचा असतो. बाजार नेमका उलटा चालतो.

हे परीक्षण एका दुकानाचं नाही. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर, रानडे रोडला आणि छबिलदासच्या गल्लीत जो माल लटकलेला दिसतो तो, गिरगाव-लालबाग-परळकडचे ड्रेसवाले भाड्याने देतात तो, आणि चाळीच्या तळमजल्यावर एक-दोन मशिनं टाकून बसलेले मास्तर शिवून देतात तो, असे तिन्ही प्रकार नाचणाऱ्याच्या बाजूने पारखले आहेत. मॉडेलच्या अंगावर कसं दिसतं हा प्रश्न इथे नाही. दहा मिनिटं नाचल्यावर काय उरतं, हा आहे.

तयार माल

नऊवारी म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर. नेसायच्या लुगड्यात ते असतंच. पण शिवलेल्या नऊवारीत किती कापड गेलंय हे बाहेरून कळत नाही आणि पहिली मेख इथेच आहे. स्वस्तातल्या बऱ्याच तयार नऊवाऱ्या सहावारीतून, म्हणजे साडेपाच मीटरमधून काढलेल्या असतात. फोटोत फरक दिसत नाही, नाचताना दिसतो. निऱ्या पाच-सहाच, त्याही अरुंद, त्यामुळे पाय फाकवला की निऱ्या पंख्यासारख्या उघडत नाहीत, अख्खा पुढचा भागच एका बाजूला ओढला जातो. ओळखायचं असेल तर पदर उचलून मागची बाजू बघा. पदराखाली झाकलं जाणारं कापड साडीचं नसून अस्तराचं असेल, किंवा काष्ट्याचा काठ वेगळी पट्टी जोडून लावलेला असेल, तर माल सहावारीतला. विक्रेता ‘नऊवारीच आहे ताई’ म्हणतो. वाद घालू नका, निऱ्या मोजा.

मग ती उलटी करा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. आतली बाजू बाहेर काढली की मधोमध एक जागा सापडते: दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी, पुढची मधली शिवण आणि मागची मधली शिवण, अशा चौघी जिथे भेटतात ती. काष्टा तिथूनच मागे जातो आणि नाचाचा सगळा ताण तिथेच येतो. दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून ती जागा आडवी ताणा. शिवण चांगली असेल तर कापड ताणतं आणि फट पडत नाही. तयार मालात बहुतेक वेळा टाक्यांच्या मधून उजेड दिसतो. पॉलीसिल्क किंवा सेमी पैठणी असेल तर त्याहून वाईट: टाका शाबूत राहतो, पण कापडाचे धागेच शिवणीपासून सरकतात आणि जाळी पडते. जाळी पडलेली शिवण पुन्हा मारून उपयोग नाही, कारण धरायला कापडच उरलेलं नसतं.

लोक दोष धाग्याला देतात. धागा क्वचितच दोषी असतो. पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड), एकेरी शिवण, लांब टाका आणि मियानी नाही, ही खरी चार कारणं. मियानी म्हणजे पायजम्याच्या दोन पायांमध्ये टाकतात तो चौकोनी तुकडा. तो नसेल तर चारही शिवणी एका बिंदूवर येतात आणि बैठक मारताना सगळा ताण त्या बिंदूवर पडतो. तो टाकला की बिंदूच्या जागी सात-आठ इंचांचं कापड येतं आणि ताण चार कोपऱ्यांत वाटला जातो. कारखान्यात हा तुकडा वाचवतात, कारण तो लावायला वेळ लागतो आणि हँगरवर लटकवल्यावर तो कुणाला दिसत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच. आणि इथे तर काम तमाशाचंच आहे.

घेतलीच असेल तर दुरुस्ती अशी. मधली जागा दोन्ही बाजूंना चार-चार इंच उसवा. रंगाला जुळणाऱ्या पॉपलीनचा ७ बाय ७ इंचांचा तुकडा कापा (लहान मुलीसाठी ५ बाय ५ पुरे) आणि कोपरे पुढे-मागे येतील असा तिरका बसवा. तुकड्याची वीण अशी तिरकी आली की तो थोडा ताणतो. सरळ बसवला तर मियानी असून नसल्यासारखी. चारही बाजूंना दुहेरी शिवण, इंचाला दहा-बारा टाके. मग मागच्या मधल्या शिवणीवर आतून अर्धा इंच रुंदीची सुती पट्टी ठेवून ती शिवणीसकट पुन्हा मारा. कुठलाही गल्लीतला मास्तर हे उभ्या उभ्या करून देतो. ‘मास्तर, मियानी टाकायचीय आणि मागे पट्टी मारायचीय’ एवढं म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही.

कमरेला वेलक्रो असेल तर तो काढून टाका. नवा असताना घट्ट धरतो, पण त्यात सुतं आणि केस अडकत जातात, पकड जाते, आणि तोपर्यंत शेजारच्या पदराचे रेशमी धागे त्याने ओरबाडलेले असतात. शिवाय विंगेत कपडे बदलताना त्याचा चर्रकन आवाज पहिल्या तीन रांगांना ऐकू जातो. त्या जागी नेफा आणि सुती नाडी, वर दोन मोठे हूक. नाडी साटीनची नको, ती गाठीतून निसटते. नुसत्या इलॅस्टिकवरही भरवसा नको: गिरकीत कापडाचं वजन बाहेर फेकलं जातं आणि इलॅस्टिक नेमकं तेव्हाच सैल पडतं.

कोळीनृत्याला तयार माल का चालतो? कारण तिथे लुगडं गुडघ्याखाली थोडंच येतं, कापड हलकं आणि फुलाफुलांचं असतं, पावलं उड्यांची असली तरी पूर्ण बैठक नसते. निऱ्याही कमी लागतात. पदर कमरेला खोचलेला आणि वर फडकी (खांद्यावरून घ्यायचं वेगळं कापड), त्यामुळे खांद्यावरचा प्रश्न जवळपास मिटतो. बघायचं एवढंच की फडकी वेगळी मिळतेय ना. काही संचांत ती ब्लाउजच्या खांद्यालाच शिवून टाकतात आणि मग हात वर केला की अख्खं ब्लाउज वर येतं. उसवून दोन टिच बटणं लावली की झालं. पुरुषांचा कमरेला बांधायचा चौकड्याचा रुमाल मात्र तयार घेऊ नये. मंगलदास मार्केटला किंवा हिंदमाताला चौकड्याचं सुती कापड घ्या, चौकोन तिरका दुमडून बांधायला शिका, आत घट्ट हाफ पँट. शिवलेला रुमाल पहिल्याच उडीत पोटाशी गोळा होतो.

भाड्याचा माल

याच्यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. दिवसाला तीनशे-चारशे रुपये आणि वर डिपॉझिट, असं साधारण असतं. डिसेंबर-जानेवारीत आणि शिवजयंतीच्या आसपास भाव चढतात. भाड्याचा कपडा मापात बसत नाही, बसवावा लागतो, आणि ड्रेसवाले उसवू देत नाहीत. त्यामुळे जे काही करायचं ते हाताच्या कच्च्या टाक्याने. मुलांच्या कपड्यांवर ‘८ ते १० वर्षं’ असा आकडा असतो, तो सोडून द्या आणि कंबर ते घोटा टेपने मोजा. लांब असेल तर खालून दुमडू नका, कमरेच्या पट्ट्याखाली आडवी चुणी घेऊन कच्चा टाका मारा. खालून दुमडलं की काठ आत जातो आणि टाका नेमका पायात येतो.

आत स्वतःची सुती लेगिंग हवीच. ही सूचना सोवळ्याची नाही. हंगामात तोच कपडा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो आणि मधे धुणं होईलच असं नाही.

लेझीमवाल्यांनी भाड्याचा फेटा तपासून घ्यावा. तयार फेटा म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा फोमच्या टोपीवर कापड चिकटवलेलं असतं. मान खाली-वर होते तेव्हा तो डोक्याबरोबर न जाता मागे राहतो. हनुवटीखालून इलॅस्टिक लावलं तर टिकतो, पण दिसतो विचित्र. मुलं पंधरा असोत की पंचवीस, बांधणारा एक माणूस बोलवा आणि कापडाचे फेटे बांधून घ्या. खर्च फारसा वाढत नाही. बाराबंदी भाड्याने घेताना बंद मोजा. बारा असायला हवेत, आणि तुटलेल्यांच्या जागी सेफ्टी पिना लावलेल्या असतील तर ती ठेवून दुसरी मागा.

मापाने शिवून

चांगला मास्तर ओळखायची एक खूण आहे. तो आधी विचारतो, ‘बैठकीची की फडाची?’ हा प्रश्न आला नाही तर तो लग्नाच्या नऊवाऱ्या शिवणारा आहे. वाईट नव्हे, पण लग्नात कुणी गिरकी घेत नाही.

फरक असा. बैठकीच्या लावणीत बसून अदा करायच्या असतात. कापड खाली पसरतं आणि ते पसरलेलं दिसायला हवं. तिथे जरा जड काठ चालतो, निऱ्या जास्त हव्यात, लांबी घोट्यापर्यंत हवी. फडाच्या लावणीत पाय वेगाने पडतात, गिरक्या असतात. तिथे जड काठ म्हणजे नाकापेक्षा मोती जड: गिरकी थांबली तरी काठ थांबत नाही, तो अर्धा फेरा पुढे जातो आणि पायाला गुंडाळतो. फडासाठी दोन-अडीच इंचांचा काठ पुरे.

कापडाबद्दल मत स्पष्ट आहे. सुती इरकल सगळ्यांत चांगलं. घाम पितं, निऱ्या धरतं, शिवणीला जाळी पडत नाही. त्याचा लाल पदर रंग सोडू शकतो, म्हणून शिवण्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. डाग पडला तर आधी वेगळं भिजवून, वाळवून मगच मास्तरांकडे द्या, नाहीतर घामाने तो रंग ब्लाउजवर उतरतो. त्याखालोखाल सुती-रेशीम मिश्र. सेमी पैठणी दिव्यांखाली झगमगते हे खरं, आणि मंडळांच्या कार्यक्रमांत तीच मागतात. ती घ्यायची तर संपूर्ण आतून केंब्रिकचं अस्तर जोडून, म्हणजे साडीचं कापड आणि अस्तर एकत्र धरूनच शिवायला सांगा. वेगळं लोंबतं अस्तर काही कामाचं नाही, कारण ताण तरीही वरच्या कापडावरच येतो. खऱ्या हातमागाच्या पैठणीला नाचासाठी कात्री लावू नये. काहीजण न कापता, कच्च्या टाक्यांवर शिवून देतात आणि नंतर उसवून साडी परत वापरता येते. ही सोय हळदीकुंकवाला ठीक, नाचाला नाही: कच्चा टाका बैठक सहन करत नाही.

अस्तराचं केंब्रिक रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून वापरावं. न आटवता लावलं तर पहिल्या धुण्यात आतला थर आखडतो आणि वरचा काठ फुगे आल्यासारखा उभा राहतो. मास्तर ‘भिजवलंय’ म्हणतात. नवं कापड कडक आणि चकचकीत लागलं तर भिजवलेलं नाही.

आता मापं. कंबर, सीट, मांडी, पोटरी ही सगळेच घेतात. नाचासाठी आणखी दोन लागतात आणि ती सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही. एक, टेप पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत, आणि हे माप उभं राहून घ्यायचं नाही, अर्ध्या बैठकीत घ्यायचं. वाकल्यावर मागची बाजू लांबते; उभ्याने घेतलेल्या मापात ती लांबी येत नाही आणि मग बैठकीत कमरेचा पट्टा मागून खाली खेचला जातो. दुसरं, लांबी पायात चाळ (घुंगरं) बांधून मोजायची. कापडाची किनार चाळाच्या वरच्या कडेला टेकली पाहिजे, फार तर बोटभर खाली. त्याहून खाली गेली की घुंगरांच्या कड्या जरीत अडकतात, आणि एक धागा अडकला की पुढच्या ठेक्याला वीतभर काठ ओढला जातो. किनारीला आतून दोन इंचांची सुती पट्टी लावून घ्या, म्हणजे कडी अडकलीच तर पट्टीत अडकेल.

निऱ्यांना टाका कुठपर्यंत, यावर मास्तरांशी थोडं भांडावं लागतं. त्यांना त्या गुडघ्यापर्यंत शिवून टाकायच्या असतात, कारण मग घडी सुरेख दिसते. नाचात निऱ्या मांडीच्या वरच्या भागापासून उघडल्या पाहिजेत. कमरेपासून सात-आठ इंच आतून टाका, त्याखाली मोकळ्या. फक्त इस्त्रीची घडी. तसंच काष्ट्याचं. वरचं टोक कमरेच्या पट्ट्यात पक्कं, पण तिथून खाली सगळा काठ मधल्या शिवणीवर शिवून टाकायचा नाही, सात-आठ इंच मोकळा सोडायचा. पूर्ण शिवलेला काष्टा उभं असताना रेषेत बसतो आणि बैठकीत सुरकुततो, आणि काठाची जर तिथेच आधी तुटते.

पदर खांद्यावर पिनेने टोचणं ही सगळ्यांत महागडी सवय. पीन हलते, भोक मोठं होतं, आणि पदर तिथेच फाटतो. पदराच्या घड्या खांद्याच्या जागी चार इंच हाताने टाचून घ्या, खाली साडीच्याच कापडाची छोटी पट्टी लावा, त्या पट्टीला दोन टिच बटणं, आणि ब्लाउजच्या खांद्याला त्यांची जोडी. पदर पुढून फिरवून कमरेला खोचतात तिथे एक हूक. एवढं केलं की कमरपट्टा फक्त शोभेला राहतो, साडी धरून ठेवायची जबाबदारी त्याच्यावर येत नाही.

ब्लाउजवर सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या समजुतीच्या चुका आहेत. हात वर केला की ब्लाउज वर सरकतं, अशी तक्रार केली की मास्तर म्हणतात, ‘मुंढा मोठा करतो.’ याने तक्रार वाढते. मुंढा जितका खोल, तितकं हात उचलताना बाजूचं कापड जास्त ओढलं जातं. उपाय उलटा आहे: मुंढा काखेजवळ वर घ्यायचा, बाहीचा वरचा गोलवा कमी करायचा आणि काखेत तीन इंचांची मियानी टाकायची. हात खाली असताना काखेत थोड्या चुण्या पडतात. पडू द्या, लावणीत हात खाली असतो किती वेळ? खणाचं ब्लाउज असेल तर आणखी काळजी, कारण खणाचा पन्हा (रुंदी) लहान, जुन्या मापाचा तीसेक इंच, आणि वीण घट्ट. ते अजिबात ताणत नाही. खणाचा काठ बाहीला आणायचा हट्ट असतो आणि तो योग्यही आहे, पण त्यामुळे उरेब (तिरका) काप घ्यायला कापड उरत नाही. काखेची मियानी साध्या सुती कापडाची टाका, दिसत नाही. एका ब्लाउजला किती खण लागतील ते मापावर ठरतं. मोठं माप असेल तर एक जास्त घेऊन ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही.

हूक पाऊण इंचावर एक, आणि एक सुलट एक उलट असे लावून घ्या. सगळे एकाच दिशेने असले की श्वास सोडताना एक निसटतो आणि मागोमाग रांगच सुटते. पितळेचे किंवा स्टीलचे हूक मागा; साधे लोखंडी घामाने गंजतात आणि गंजाचा डाग खणावरून जात नाही.

धुणं, आणि डॅनिश लोकांचा एक धडा

नाचाची नऊवारी खराब होते ती नाचून कमी आणि घामाने जास्त. मुंबईच्या हवेत विंगेतून काढलेला ओला कपडा पिशवीत कोंबून लोकलने घरी आणला, की दुसऱ्या दिवशी वास आणि आठवड्याने बुरशीचे ठिपके. ड्रायक्लीनिंग प्रत्येक वेळी परवडत नाही, आणि जरीचा माल वारंवार पाण्यात घालता येत नाही.

डेन्मार्कहून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांच्या नाचाचे कपडे या बाबतीत बघण्यासारखे आहेत. कॅलिफोर्नियातलं सॉल्व्हँग हे गाव डॅनिश मंडळींनी १९११ साली वसवलं आणि तिथे १९३६ पासून डॅनिश उत्सव होतो.   लोकनृत्याला घालतात तो पोशाख साधारण १७५० ते १८५० या काळातल्या डॅनिश शेतकऱ्यांचा, प्रांताप्रांताचा वेगळा: फानो बेटाचा वेगळा, आमागरचा वेगळा. बायकांचा घोळदार घागरा, चोळीसारखी घट्ट अंगी, वर एप्रन आणि डोक्याला टोपी. पुरुषांची गुडघ्यापर्यंत तुमान, बटणांच्या रांगांची बंडी, विणलेली टोपी. घागऱ्याचं कापड बहुतेकदा ताणा (उभा धागा) लिननचा आणि बाणा (आडवा धागा) लोकरीचा. हे कापड दर वेळी धुवायचं नसतं. अंगालगत लिननचं पांढरं आतलं वस्त्र असतं, घाम ते पितं आणि धुतलं जातं ते. वरचा लोकरीचा थर वाऱ्यावर टाकायचा, ब्रश मारायचा आणि पेटीत ठेवायचा.

त्यांचा काप आपल्या कामाचा नाही. जोडीने फिरायचा नाच, पायात बूट, घागरा गोल फिरला पाहिजे. आपल्याला खाली बसायचं असतं, कापड दोन पायांमध्ये उघडलं पाहिजे. पण धुवायचा थर वेगळा आणि दाखवायचा थर वेगळा, ही युक्ती जशीच्या तशी उचलावी. ब्लाउजच्या आत बिनबाह्यांची पातळ सुती बंडी आणि नऊवारीच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी, दोन्ही सुटी, प्रत्येक कार्यक्रमाला धुतलेली. काखेत टिच बटणांवर बसणारे घामाचे सुती पॅड. नऊवारी कार्यक्रम संपताच उलटी करून पंख्याखाली दोन तास, दुसऱ्या दिवशी सावलीत. उन्हात रंग विटतो. पॉलीसिल्कला इस्त्री मंद ठेवून, वर सुती फडकं टाकून.

परदेशातल्या मंडळांना हे जास्त लागू आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, म्हणजे कपडे मधला मोठा काळ पेटीतच. त्या काळात इलॅस्टिक मरतं, म्हणून तिकडे पाठवायच्या मालात नाडीच हवी. प्लॅस्टिकच्या पिशवीत जर काळी पडते. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळा आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. आणि पुढच्या वेळी नाचणारी मुलगी वेगळी असणार हे धरून बाजूच्या शिवणींत दीड-दीड इंच माया सोडून घ्या, ब्लाउजला सुद्धा. बाजारातल्या तयार मालात माया पाव-अर्धा इंच, म्हणजे एका मापाची नऊवारी जन्मभर त्याच मापाची.

मापं व्हिडिओ कॉलवर घेऊन शिवून देणारे आता मुंबईत बरेच आहेत. कंबर-सीटपर्यंत ठीक जमतं, बैठकीतलं माप मात्र हमखास चुकतं. त्यापेक्षा अंगाला नीट बसणारी एक जुनी सलवार आणि एक ब्लाउज येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याबरोबर मास्तरांकडे पाठवावं.

वेळ आणि पैसे

दादरला तयार नऊवारी साधारण हजार-बाराशेपासून पुढे. मापाने शिवायची शिलाई कापड वगळून त्याच्या आसपास जाते, अस्तर आणि ब्लाउज धरून त्याच्याही वर. म्हणजे एकूण खर्च तयार मालाच्या दुप्पट धरून चाला. लावणीसाठी तो योग्य आहे. ग्रुपमध्ये दहा जणी असतील तर दहाजणींचं कापड एकाच ठाणातून घ्या. मंगलदासला ठाण उघडून दाखवतात, पण रविवारी तिथे बंद असतं. चाळ, लेस आणि इमिटेशनचे दागिने भुलेश्वरला.

गॅदरिंगचा हंगाम असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापड मास्तरांच्या हातात गेलं पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर मशिनं लग्नाच्या ब्लाउजांवर लागतात आणि नंतर तुमचा माल नोव्हेंबरअखेरीस घाईत निघतो. मियानी वगळली जाते ती अशाच घाईत.

पावतीवर फक्त ‘१ नऊवारी’ असं लिहून घेऊ नका. मियानी, दुहेरी शिवण, मागची पट्टी, आटवलेलं अस्तर, दीड इंच माया, नाडी आणि हूक, हे सगळं लिहून घ्या आणि ट्रायलची तारीख टाका. ट्रायलला चाळ घेऊन जा. मास्तरांच्या आरशासमोर उभं राहून ‘छान बसलंय’ म्हणण्यात काही राम नाही. दुकानातल्या मोकळ्या फरशीवर पाच बैठका, दोन्ही दिशांना तीन-तीन गिरक्या आणि हात डोक्यावर नेऊन एक तोडा. पट्टा मागून उतरला, ब्लाउज वर गेलं किंवा चाळ काठाला लागली, तर खडूची खूण तिथल्या तिथे करून घ्या. उरलेले पैसे दुरुस्ती झाल्यावर.